शंभरानंतर पुन्हा एक

बेलफोर्ड, जॉर्जिया
९ सप्टेंबर १९५१

प्रिय आई,

तुझं पत्र काल मिळालं. व्हर्नीस मावशीला वाचून दाखवलं, पण सगळं नाही. फोटो काढताना डव्हीला पुढे उभी करा, तिच्या चेहऱ्याला पावडर लावा आणि आर्लीथाला मागे, जरा सावलीत ठेवा, असं तू लिहिलंस, ते मी गाळलं. मावशीला अक्षर येत नाही, पत्र मीच वाचणार हे तुला ठाऊक होतं. तरी लिहिलंस.

आम्ही बऱ्या आहोत. डव्हीचे पुढचे दोन दात पडलेत. ती पहिलीत गेली आणि तिला शंभरपर्यंत मोजता यायला लागलं. त्यामुळे घरात आता न मोजलेली वस्तू उरलेली नाही. शेंगा, कुंपणाच्या फळ्या, मावशीच्या गिऱ्हाइकांच्या पिना, सगळं मोजून झालं. शंभरच्या पुढे काय असतं ते बाईंनी अजून शिकवलेलं नाही, म्हणून शंभर झाले की ती पुन्हा एकपासून सुरू करते. मावशी म्हणते, "ही पोर एक दिवस मला वेड लावणार."

मावशीचं स्वयंपाकघर शनिवारी तसंच भरलेलं असतं. चुलीवर केस सरळ करायचा लोखंडी कंगवा तापत असतो, बाया डोक्याला टॉवेल गुंडाळून ओळीने बसलेल्या असतात आणि मावशी एकेकीला खुर्चीत बसवून म्हणते, "कान दाबून धर, बाई." मग कंगवा चर्र करत केसांतून जातो. पंधरा वर्षांत तिने कोणाचा कान भाजलेला नाही. हे ती स्वतःच दर शनिवारी सांगते.

तुझ्या नव्या सासूबाईंना आम्हाला आधी फोटोत बघायचं आहे आणि मग नाताळात आम्हाला शिकागोला बोलवायचं की नाही ते ठरणार आहे, हे मला समजलं. तू त्यांना आम्ही गव्हाळ आहोत असं सांगून बसली आहेस. एवढं एका ओळीत लिहून तू पुढे तिथल्या थंडीबद्दल लिहिलंस. आई, आम्ही गव्हाळ नाही. आम्ही बाबांवर गेलो आहोत. बाबांना जाऊन पाच वर्षं झाली, पण त्यांचा रंग तू इतक्यात विसरली असशील असं वाटत नाही.

मावशी सांगते, मी जन्मले तेव्हा आजीने माझा कान उलटून बघितला होता. नवं बाळ उजळ दिसतं, त्यावर भुलायचं नसतं. कानाच्या कडेला आणि नखांच्या मुळाशी जो रंग असतो तोच पुढे सगळ्या अंगावर चढतो, हे आपल्यात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. आजी म्हणाली, "ही बापाची," आणि दुपटं वर ओढलं. डव्हीच्या वेळी आजी नव्हती. डव्हीचा कान तू बघितलास. मी सात वर्षांची होते आणि दारात उभी होते. तू नुसता कान झाकलास. मी बघितलं हे तुला ठाऊक नसेल म्हणून सांगते.

फोटोवाला ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी चर्चच्या मैदानात तंबू लावतो. तोपर्यंत मी बघते काय करता येतं ते.

तुझी,
आर्लीथा

ता. क. बाळ नोव्हेंबरच्या सुरुवातीला येणार ना? डव्हीला भाऊ हवा आहे. मला काहीही चालेल.


२३ सप्टेंबर १९५१

प्रिय आई,

इकडे अजून उकाडा आहे. शाळेत सुगीच्या कार्यक्रमाची तयारी सुरू झाली. सुगीची राणी झालेल्या मुलीच्या मागे फुलं घेऊन चालायला आठ मुली हव्या होत्या. डव्हीने आठवडाभर घरात झाडू घेऊन चालण्याचा सराव केला. मिस पेटिफर्ड बाईंनी मुलींना रांगेत उभं केलं आणि आठ जणी निवडल्या. कशा निवडल्या ते तुला सांगायला नको, तू याच शाळेत होतीस आणि तू दरवर्षी फुलं घेऊन चालायचीस. डव्हीला त्या म्हणाल्या, "तू पडदा ओढ हं, बाळा. पडदा ओढणंही महत्त्वाचं असतं."

वर्गातला एक कार्टा तिला म्हणाला, "डव्ही, पडद्यामागे गेलीस की हसत राहा बाई. दात दिसले तरच कळेल तू कुठे आहेस." आणि ती म्हणाली, "पण माझे पुढचे दात पडलेत ना." तिने खरंच विचार करून उत्तर दिलं, आई. तिला ते टोचलंसुद्धा नाही. घरी आल्यावर मात्र ती कपाटात शिरली, आतून दार ओढून घेतलं आणि मला विचारायला लागली, "दिसते का गं मी? आता? आता हसले, आता दिसले?"

मी म्हटलं दिसतेस. मला खूप राग आला. कोणाचा ते नक्की सांगता येत नाही. तुझाही थोडा आला.

मावशी वरच्या फळीवर ती उजळ व्हायच्या मलमाची बरणी ठेवते, आठवते का? झाकणावर एका बाईचा चेहरा आहे, अर्धा काळा, अर्धा उजळ. गिऱ्हाइकं मागतात म्हणून मावशी विकते, स्वतः कधी लावत नाही. तिला विचारलं तर म्हणते, "या वयात आरशात अनोळखी बाई कशाला हवी मला?" मी दोन आठवडे माझ्या दंडाला आतल्या बाजूने लावून बघितलं. चुरचुरतं. थोडा फरक पडतो, पण फारच हळू. कागदावर लिहिलंय की वर्षभर लावत राहा. आपल्याकडे पाच आठवडे आहेत.

पण मला एक सुचलं आहे. आत्ता सांगत नाही. तू फोटो बघशील तेव्हा कळेल, आणि मग तुझ्या सासूबाईंसमोर तुझा शब्द खोटा पडणार नाही. डव्हीपुरता तरी नाही. माझं माझ्या दंडावरून समजलं, मी मागेच उभी राहीन.

मला एकाच गोष्टीची भीती वाटते. तू एकीलाच बोलावशील आणि मग मी इथे एकटी राहीन. नाही, असं नाही. तू दोघींनाही बोलावणार नाहीस याची जास्त भीती वाटते. हे खोडणार होते, पण कागद पुन्हा पहिल्यापासून लिहायचा कंटाळा आला.

तुझी,
आर्लीथा


७ ऑक्टोबर १९५१

प्रिय आई,

घाबरू नकोस. डव्हीला थोडं भाजलं आहे.

काल शनिवार. सकाळी बाया यायच्या आधी मावशीने डव्हीचे केस कंगव्याने सरळ करून दिले. त्या वेळी केसांना लावलेल्या चरबीचा एक गरम थेंब तिच्या कानशिलावर पडला. ती "आई गं" म्हणाली. मावशीने लगेच थंड पाणी लावलं. संध्याकाळपर्यंत डावा गाल, कानशील आणि डोळा सुजून वर आला. कातडी ओली दिसायला लागली. मावशी म्हणाली, "माझ्या हातून झालं. देवा, माझ्या हातून झालं हे."

मी आणखी पाणी आणायला गेले.

डव्ही रडली नाही. ती आधीपासूनच रडणार नव्हती. म्हणजे ती फार धीराची आहे, एवढंच मला म्हणायचं आहे. डावा डोळा उघडत नाही. आपल्या वस्तीत डॉक्टर गुरुवारी येतात, तोपर्यंत मावशी कोरफड लावते आहे. मी तिच्या उशाशी बसून हे लिहिते आहे. ती उजव्या डोळ्याने माझ्याकडे बघते आणि ओठांवर बोट ठेवते. ते सहज खेळातलं आहे, त्यात काही नाही.

तू मावशीवर फार रागावू नकोस. चूक कोणाच्याही हातून होते. फोटोला अजून तीन आठवडे आहेत.

मी घाबरलेली नाही.

आर्लीथा


२८ ऑक्टोबर १९५१

प्रिय आई,

तुझं उत्तर नाही. तुला बरं नसेल, दिवस भरत आले असतील. मी रोज टपालाच्या वेळी फाटकाशी उभी राहते, आणि मोटार वळली की मला वाटतं, नको, आज नकोच येऊ दे.

डॉक्टर तीनदा येऊन गेले. डोळा वाचेल असं म्हणतात, "वाचेल बहुतेक" असं म्हणाले. पहिल्या वेळी त्यांनी डव्हीचा चेहरा खिडकीकडे वळवून बराच वेळ बघितला. मग मावशीला विचारलं, "चरबीचा थेंब म्हणता?" मावशी म्हणाली, "होय साहेब, माझ्याच हातून." ते म्हणाले, "थेंबाने एवढं पसरट भाजत नाही, बाई." आणि माझ्याकडे वळून बघितलं. मी त्यांच्या बुटांकडे बघत राहिले. उजव्या बुटाची नाडी दोन ठिकाणी गाठ मारून जोडलेली होती.

मावशीने कंगवा हातात घेणं सोडलं. पहिल्या शनिवारी चार बाया आल्या होत्या, तिने त्यांना परत पाठवलं. दुसऱ्या शनिवारी कोणी आलंच नाही. चर्चमध्ये बायका कुजबुजतात की व्हर्नीसला आता दिसत नाही, व्हर्नीसचे हात गेले. आणि हात खरंच थरथरतात आई, मी बघते ना. चहाचा कप उचलताना बशी वाजते. पंधरा वर्षांत जिने कोणाचा कान भाजला नाही, ती आता चुलीपासून लांब बसून हातांकडे बघत असते. मी तिला म्हटलं, "मावशी, तुझी काही चूक नाही." ती म्हणाली, "तू गुणी आहेस म्हणून म्हणतेस."

काल फोटोवाला येऊन गेला. मैदानात गाणी लावली होती, ती घरापर्यंत ऐकू येत होती. आम्ही गेलो नाही.

पट्टी आता कमी केली आहे. जिथे भाजलं तिथली खपली पडते आहे आणि खालची कातडी पांढुरकी, गुलाबी दिसते, हाताच्या पंजाएवढी. डव्हीने आरसा मागितला. मी दिला नाही, तर तिने बादलीतल्या पाण्यात बघितलं. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आर्ली, एवढं झालं बघ. एवढ्यावर आई बोलावेल का? की बाकीचंही करायचं?"

काल मी घरातली सगळी भांडी घासली. जी स्वच्छ होती तीही घासली.

बाळ झालं की लगेच कळव.

आर्लीथा


१३ नोव्हेंबर १९५१

आई,

तार मिळाली असेल. "बाळाला काहीही लावू नकोस. पत्र येतंय." तारघरात आमचा नंबर गोऱ्यांचं सगळं आटोपल्यावर लागला, दीड तास उभ्या होतो. तो माणूस मजकूर वाचून म्हणाला, "काही लावू नकोस म्हणजे काय? नावच ना?" मावशी म्हणाली, "जे लिहिलंय तेच पाठव, भाऊ." तिचा आवाज असा होता की त्याने पुढे विचारलं नाही.

तारेत मावलं नाही ते आता लिहिते. यात काही गाळणार नाही. मावशी समोर बसली आहे आणि प्रत्येक ओळ लिहून झाली की मी तिला वाचून दाखवते आहे.

तुझं पत्र काल आलं, मावशीच्या नावाने. डव्ही अंगणात होती. मावशी म्हणाली, "वाच. आणि हळू वाच." मी वाचायला लागले. बाळ झालं, मुलगी आहे, सेलेस्ट नाव ठेवलं, सात पौंड वजन. मावशी हसली, पाच आठवड्यांत पहिल्यांदा. मग पुढे तू लिहिलं होतंस, "व्हर्नीस, तुझ्या हातांना झालंय तरी काय? पोरीचा चेहरा जाळून ठेवलास. मी तुझ्या भरवशावर मुली टाकून आले, हीच माझी चूक." मावशी मान खाली घालून ऐकत होती. मी थांबले, तर म्हणाली, "वाच गं. बरोबरच लिहिलंय तिने."

मी गाळू शकले असते. गाळणारच होते. पण पुढची ओळ डोळ्यांना आधीच दिसली होती.

तू लिहिलंस की तिसऱ्या दिवशी तुझ्या सासूबाईंनी बाळाला खिडकीपाशी नेलं, कान उलटून बघितला आणि नुसता परत झाकला. तेव्हापासून घरात तुझ्याशी कोणी धड बोलत नाही. तू लिहिलंस, "तू बायकांना विकतेस ती बरणी एक पाठव. इथला दुकानदार सासूबाईंच्या ओळखीतला आहे, माझी अडचण होते. आत्ता कातडी कोवळी आहे, लवकर गुण येईल. कान आणि नखांपासून सुरू करीन. तुझं पार्सल आठवड्यात आलं नाही तर मी लांबच्या दुकानातून कशीतरी आणवीन."

ते वाचून मी पत्र उलटं करून खाली ठेवलं. मावशी म्हणाली, "काय झालं गं?" आणि मी सांगून टाकलं. पहिल्यापासून सगळं सांगितलं. तेच आता तुला सांगते.

चरबीचा थेंब पडला होता, पण तो वाटाण्याएवढाही नव्हता आणि दहा मिनिटांत डव्ही तो विसरली होती. दुपारी स्वयंपाकघर बायकांनी भरलं तेव्हा मी तिला मागच्या खोलीत नेलं. बरणीतलं मलम बशीत काढलं आणि त्यात कपडे पांढरे करायचं पाणी ओतलं. कपडे पांढरे होतात, तर माणूस का नाही होणार, असं मला वाटलं. तेरा वर्षांच्या मुलीला एवढी अक्कल असायला हवी होती, पण नव्हती. कपाळापासून सुरुवात करणार होते, पण ती खाटेवर उजव्या कुशीला झोपली होती म्हणून डाव्या गालापासून केली. वर ओलं फडकं ठेवलं. मी तिला म्हटलं, "मोजत राहा. फडकं काढलंस किंवा रडलीस, तर आई आपल्याला बोलावणार नाही." मग मी दाराशी उभी राहिले, कोणी येऊ नये म्हणून.

तिने शंभर मोजले. मग पुन्हा एकपासून. मला वाटलं होतं, ती कंटाळली की सांगेल. बाहेर बायका हसत होत्या, कोणाच्या तरी लग्नाची गोष्ट चालली होती, मावशी "कान दाबून धर" म्हणत होती. आणि आत डव्ही, सत्तावन्न, अठ्ठावन्न. तिसऱ्यांदा शंभर होताना तिचा आवाज बदलला. मी मागे वळून बघितलं तर तिने दोन्ही मुठी खाटेच्या कडेला धरल्या होत्या आणि पाय ताठ केले होते. तरीही मी लगेच गेले नाही, आई. मला वाटलं, अजून थोडं. मी तिच्याकडे बघत उभी राहिले आणि मला वाटलं, अजून एक शंभर.

मग मी फडकं काढलं. पाणी ओतलं. बादलीभर ओतलं. बशी परसात पुरली.

आणि मावशी "माझ्या हातून झालं" म्हणाली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. हेही तुला कळलं पाहिजे.

हे ऐकून मावशी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मला वाटलं, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिने आपले दोन्ही हात उलटे सुलटे करून बघितले आणि विचारलं, "म्हणजे माझ्या हातून नव्हतं?"

"नाही, मावशी."

"पाच आठवडे, आर्लीथा. पाच आठवडे मी त्या लेकराला जवळ घ्यायला भीत होते."

मग ती रडली. मी तिला कधी रडताना बघितलं नव्हतं. थोड्या वेळाने तिने डोळे पुसले आणि विचारलं, "पण का केलंस?"

मी म्हटलं, "फोटोसाठी."

"कसला फोटो?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिला यातलं काहीच माहीत नाही. पावडर, सावली, गव्हाळ, सासूबाई, नाताळ, सगळं मी गाळलेलं. तिला वाटत होतं, तू आम्हाला बोलावणारच आहेस, फक्त जागेची अडचण आहे. तिने पत्रांचा डबा आणायला लावला आणि दोन वर्षांतलं एकेक पत्र पुन्हा वाचून घेतलं, एकही शब्द न गाळता. संध्याकाळ झाली. मध्येच डव्ही आत आली आणि मावशीच्या मांडीवर बसून ऐकत राहिली. मी तिला बाहेर पाठवणार होते, तर मावशी म्हणाली, "बसू दे. तिच्याबद्दल लिहिलंय, तिला कळू दे." डव्हीने सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "गव्हाळ म्हणजे आजारी का?"

मावशी एवढी हसली की तिला ठसका लागला. मग पुन्हा रडली.

आता मावशी सांगते आहे ते तिच्याच शब्दांत लिहिते.

"रूथी, मी तुझी मोठी बहीण आहे, म्हणून ऐक. त्या बरण्या मीच विकल्या. बायका मागायच्या, मी द्यायची, आणि म्हणायची, मी थोडीच लावते. आज सकाळी सगळ्या परसात नेऊन पुरल्या. म्हणजे यात माझा हात नव्हताच असं नाही. पण तुझाही आहे. तू लहानपणी फुलं घेऊन चालायचीस आणि मी पडदा ओढायची. मला कधी तुझा हेवा वाटला नाही असं मी सगळ्यांना सांगत आले. ते खोटं आहे. आता तुझ्या मांडीवर पडदा ओढणारी आली आहे, आणि तू घाबरली आहेस. घाबर. मीही घाबरले आहे. पण त्या पोरीला हात लावशील तो फक्त उचलून घ्यायला लाव. आम्ही येतोय. बोलावणं नको, फोटो नको. तुझ्या सासूबाईंना बघायचंच असेल तर दारात उभं राहून तिघींना एकदम बघू दे, दिवसाउजेडी."

शुक्रवारी सकाळच्या गाडीने निघतो, शनिवारी दुपारी शिकागोला उतरू. मावशी बुटांच्या खोक्यात कोंबडी तळून घेणार आहे, वाटेत आपल्याला कुठे बसून खाऊ देतील याचा भरवसा नाही. टपालवाले म्हणतात, हे पत्र आमच्या आधी एक दिवस पोचेल. ते वेळेवर पोचेल ना, याच भीतीने माझं अक्षर असं वेडंवाकडं येत आहे. तू तार वाचलीस की आधी सासूबाईंनी वाचली, ते माहीत नाही. लांबच्या दुकानातून कोणी बरणी आणून दिली की नाही, माहीत नाही. तू आत्ता, मी हे लिहीत असताना, काय करते आहेस तेही माहीत नाही.

डव्हीचा डोळा उघडला. पापणी जरा ओढलेली राहील. गालावरचा डाग तसाच राहणार, असं डॉक्टर म्हणाले. ती तो डाग तुला दाखवायला उत्सुक होती. काल पत्रं ऐकल्यावर तिने त्याबद्दल विचारणं बंद केलं. ती माझ्याजवळच झोपते, पण आता मी तिच्या चेहऱ्याकडे हात नेला की डोळे मिटून घेते. ते मी केलं आहे, आणि ते बरं करायचं औषध डॉक्टरांकडे नाही.

तू आमच्यापैकी कोणाला ठेवून घेशील, कोणाला परत पाठवशील, ते मी आज विचारत नाही. महिनाभर मला दुसरं काही सुचत नव्हतं, आज मात्र ते मागे पडलं आहे. आज मला फक्त सेलेस्टची भीती वाटते. 'रडायचं नाही' हे तिला अजून कळत नाही, एवढाच काय तो आधार आहे. ती रडली तर तू थांबशील ना? डव्ही रडली नाही, म्हणून मी थांबले नाही.

पत्र मिळालं की तिला उचलून घे आणि खाली ठेवू नकोस. कोणी कान बघायला आलं तर तुझा हात त्या कानावर ठेव. भीती वाटली तर मोज. डव्ही म्हणते, शंभरपर्यंत मोजायचं, आणि शंभर झाले तरी आम्ही आलो नसलो, तर पुन्हा एकपासून.

आर्लीथा